दर्भाचा पुतळा
लॉन कापल्याचा वास आला की मला श्रूजबरीतल्या आमच्या शेजारच्या काकू आठवतात. त्यांचा मुलगा अमेरिकी सैन्यात मरीन होता. लढाईत त्याचं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं आणि तो सापडलाच नाही. लष्करी मानवंदना झाली; बँड, भाषणं, घडी घातलेला झेंडा, सगळं यथासांग पार पडलं. एकाही वक्त्याला त्याचं नाव धड उच्चारता आलं नाही, तेवढं सोडून. मग त्यांच्या घरी आमची मराठी मंडळी जमली. व्हिडिओ कॉलवरच्या गुरुजींनी सांगितलं, देह नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणजे आत्मा सुटतो. कुणीतरी लगेच फोनवर दर्भ शोधायलाही लागलं. "करून टाका, काकू. निदान क्लोजर मिळेल," एक जण म्हणाला. "क्लोजर तुला हवंय," काकू म्हणाल्या. "सहा फुटी मुलगा होता माझा, गवताचा नव्हता. ज्यांनी नेला त्यांनी शोधून आणावा. तोवर मी काहीही जाळणार नाही." आणि त्यांनी गुरुजींना म्यूट केलं. मला आत्म्याचं फारसं कळत नाही, झेंड्यांचं त्याहून कमी. पण यंदा शोध थांबवल्याचं सांगायला दोन अधिकारी आले, तेव्हा मी काकूंकडेच होतो. त्यांनी दोघांना चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पुन्हा कधी सुरू करताय?"