खिडकीपलीकडचा दफ्तरी

रेकॉर्ड रूममध्ये रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भांडारातून काय मागवलं असेल, तर दोन मोठ्या कात्र्या. नागपुरातल्या एका सरकारी कचेरीतली ही गोष्ट. साठचं दशक संपत आलं होतं. ग्रंथालयशास्त्राची पदविका घेऊन मी नुकतीच नोकरीला लागले होते, आणि कचेरीचं छोटं ग्रंथालय व जुन्या कागदांची खोली, दोन्ही ‘आधुनिक’ करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. त्या खोलीत काम करणारी मी पहिली बाई. दोन वर्षं काम बघणार, पसंत पडलं तर कायम करणार, नाही तर परत रामदासपेठेतल्या घरी. घरी माझ्या लग्नाची घाई सुरूच होती. त्यामुळे मला काहीतरी करून दाखवायचं होतं आणि तेही भराभर.

खोलीत छतापर्यंत लोखंडी रॅक होते आणि रॅकवर बस्ते. बस्ता म्हणजे जाड्याभरड्या फडक्यात बांधलेला फायलींचा गठ्ठा. प्रत्येकावर एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली असायची: खातं कुठलं, तालुका कुठला, सालं कुठली. शिवाय प्रत्येक बस्त्याच्या गाठीला रंगीत सुताचे तुकडे लोंबत असायचे. लाल, हिरवे, निळे, कुठे एक, कुठे तीन, आणि त्या तुकड्यांनाही बारीक बारीक गाठी. मला ते बघूनच कसंसं झालं. ही सरकारी कचेरी आहे की जत्रेतलं दुकान, असं मी पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत बोलून गेले.

ती सुतं दफ्तरींची होती. दफ्तरी म्हणजे बस्ते बांधणारा, काढून देणारा, परत जागेवर ठेवणारा माणूस. आमचे दफ्तरी पन्नाशी ओलांडलेले, उमरेडकडच्या विणकर घरातले. घरचा माग बंद पडला तेव्हा तरुणपणीच ते या कचेरीत लागले आणि थेट या खोलीत आले. सही करण्यापुरती अक्षरओळख, त्यापलीकडे वाचणं नाही. पण कुणी काही मागितलं की ते दोन रॅकच्या मधल्या बोळात शिरायचे, बस्त्यांच्या गाठींवरून हात फिरवायचे आणि हवा तोच बस्ता काढून आणायचे. खिडकीपाशी त्यांचं एक लाकडी स्टूल होतं. बसून बसून त्याची फळी मधोमध गुळगुळीत झाली होती.

मला हे सगळं बंद करायचं होतं. एका माणसाच्या बोटांवर कचेरी चालते, ही काय पद्धत झाली? प्रत्येक बस्त्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाचं कार्ड, कार्डं ड्रॉवरमध्ये ओळीनं. मग कुणीही यावं, कार्ड बघावं, बस्ता काढावा. पदविकेला मला हेच शिकवलं होतं आणि ते बरोबरच होतं. आजही मी ते चूक म्हणणार नाही.

चूक पुढे झाली. प्रत्येक बस्ता उघडून बघायचा तर दिवसाला जेमतेम पाच झाले असते. चिठ्ठ्या नुसत्या उतरवून घ्यायच्या तर शंभर होत. मी चिठ्ठ्या उतरवायला बसले. दोन-तीन दिवस दफ्तरी नुसते बघत होते. मग जवळ येऊन उभे राहिले.

“बाई, चिठ्ठीच्या भरवशावर नका राहू,” ते म्हणाले. “छप्पन साली नागपूरची राजधानी गेली ना, तवा अर्ध्या फायली ट्रकात भरून भोपाळले गेल्या. जे मागं राहिलं ते आम्ही हाती आलं त्या फडक्यात बांधलं. चिठ्ठ्या जुन्याच राहिल्या. आत काय हाये ते सुतावर हाये. रंग खात्याचा, गाठी तालुक्याच्या.”

मी मानसुद्धा वर केली नाही. “दफ्तरी, तुम्हाला वाचता येतं का?”

“नाही.”

“मग चिठ्ठीवर काय आहे आणि आत काय आहे, हे तुम्हाला कसं कळणार?”

शेजारच्या टेबलावरचे दोघे कारकून हसले. हे दोघे मला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघत होते. ते माझ्या बाजूने हसले, याचंच मला तेव्हा बरं वाटलं. मी कात्री दफ्तरींच्या हातात दिली. सुतं त्यांनीच कापली, कारण तसं मी सांगितलं होतं. महिनाभर ते रोज सकाळी कात्री घेऊन बसायचे आणि संध्याकाळी टोपलीभर रंगीत तुकडे झाडूवाल्याला द्यायचे. त्यानंतर मी सगळे बस्ते नव्या क्रमांकांनुसार हलवले, म्हणजे जागेचीही खूण राहिली नाही. सगळ्यांना एकसारखी पांढरी फीत आणि एकसारखी चपटी गाठ. ती गाठसुद्धा मीच शिकवली, दोनदा करून दाखवली. ज्याचा बाप आणि आजा सुताला गाठी मारत जगले, त्या माणसाला मी गाठ मारायला शिकवत होते. माझ्या ते डोक्यातही आलं नाही.

खोली देखणी दिसायला लागली. साहेब स्वतः येऊन ड्रॉवर उघडून बघून गेले, खूश झाले. पुढल्या महिन्यात मुंबईहून तपासणी येणार होती.

तेवढ्यात काटोलचे एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांची संत्र्याची बाग होती आणि बागेत जायच्या बैलगाडीच्या वाटेवरून शेजाऱ्याशी वाद चालला होता. त्याच वाटेचा एक जुना निकाल आमच्याकडे होता, त्याची नक्कल त्यांना हवी होती. मी मोठ्या ऐटीत ड्रॉवर उघडला, कार्ड काढलं, क्रमांक सांगितला. दफ्तरींनी बस्ता आणून दिला. मी फीत सोडली. आत गुरांच्या बाजाराचा पत्रव्यवहार निघाला.

शेजारचा बस्ता उघडला, त्यात तिसरंच काही. मी त्यांना पुढल्या आठवड्यात बोलावलं. ते एसटीने आले, पुन्हा रिकाम्या हाताने गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी मला बोलावलं. तपासणी तोंडावर, ते चिडलेले. “कार्ड आहे, बस्ता आहे, मग कागद कुठे आहे?” त्यांनी विचारलं. तोवर मला कळून चुकलं होतं. आदल्या दोन दिवसांत मी एकटीने वीसेक बस्ते सोडून बघितले होते आणि चिठ्ठीप्रमाणे त्यातले चारच निघाले होते. ‘मी चिठ्ठ्या न तपासता उतरवल्या, दफ्तरींनी मला सांगितलं होतं’, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी दुसरंच वाक्य बोलले. “बस्ते ठेवणं-काढणं दफ्तरींकडे आहे,” मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून निघालं. साहेबांनी पुढचं आपोआप समजून घेतलं: अडाणी माणूस, नवी पद्धत पटली नाही, बस्ते इकडचे तिकडे केले. दुसऱ्या दिवशी दफ्तरींची बदली फाटकावर झाली. काम पहाऱ्याचं. साहेबांनी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी काही सांगितलं नाही, असं मला नंतर कळलं. आपलं स्टूल तेवढं घेऊन जाऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. स्टूल रेकॉर्ड रूमच्या यादीत होतं, त्यामुळे तेही नाही म्हणून सांगण्यात आलं.

मला त्या रात्री झोप आली नाही, असं लिहिलं तर ते बरं दिसेल, पण झोप आली होती. लाज वाटली ती चार-पाच दिवसांनी, जेव्हा उघडलेल्या बस्त्यांत मला कशाचाच मेळ लागेना. पहिलं पान भोपाळला गेलेलं, उरलेल्या पानांवर ना तालुका ना साल. नुसतं वाचून त्यांचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. हे कुणी, कुठून उचलून, कशात बांधलं, ते बांधणाऱ्यालाच माहीत.

रेकॉर्ड रूमची मागची खिडकी फाटकाच्या बाजूला उघडायची. मधल्या सुट्टीत मी ती उघडली आणि त्यांना हाक मारली. ते खिडकीखाली येऊन उभे राहिले. मी माफी मागायला तोंड उघडलं होतं, पण निघालं ते असं: “दफ्तरी, कागदांचा मेळ लागत नाही. तुम्ही मदत करा. कार्डं नीट झाली की साहेबांशी बोलून मी तुम्हाला परत आत घेते. माझा शब्द आहे.”

“दाखवा,” ते म्हणाले.

कागद खोलीबाहेर न्यायचा नाही, हा नियम. त्यांनी आत यायचं नाही, हा हुकूम. मग मी आतून एकेक फाईल गजांपाशी धरायची आणि ते बाहेरून बघायचे. वाचता येत नव्हतं, पण शाईचा रंग, शिक्क्याचा आकार, दोरा ओवायच्या भोकाची जागा, यांवरून ते सांगायचे. “हे जंगलाचं. हे काटोलकडचं, त्या तहसिलीत भोक खाली पाडत.” कधी म्हणायचे, “उलटवा बरं,” आणि पाठीमागे लागलेला फडक्याचा रंग बघून, “हे मी कन्हानच्या कापडवाल्याच्या फडक्यात बांधलं होतं, त्यातच याचा जोडीदार हाये पाहा.” जोडीदार तिथेच निघायचा. वाटेचा निकाल आठव्या दिवशी मिळाला. काटोलचे म्हातारे चौथ्यांदा आले आणि नक्कल घेऊन गेले. जाताना त्यांनी माझे आभार मानले. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

मुंबईची तपासणी दोन वेळा पुढे गेली, हे माझं नशीब. दीड वर्षं रोज मधल्या सुट्टीत ही खिडकी चालली. उन्हाळ्यात ते डोक्याला उपरणं गुंडाळून उभे राहायचे, मी आत पंख्याखाली. माझा डबा मी त्यांना गजांतून अर्धा द्यायला गेले तर म्हणाले, “नको बाई, कागदाले तेल लागन.” एकेक कार्ड मी फाडून नवं लिहीत होते. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात तयार करणाऱ्याची आद्याक्षरं घालायची पद्धत होती. प्रत्येक कार्डावर मी माझी घातली.

तपासणी झाली. मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्यांनी डोळे मिटून दहा कार्डं उचलली, दहाही बस्ते बरोबर निघाले. मला प्रशस्तिपत्र मिळालं, मी कायम झाले. त्याच दुपारी मी साहेबांकडे गेले आणि दफ्तरींना परत आत घ्या म्हणून सांगितलं.

“कशाला?” साहेब म्हणाले. “तुमच्या कार्डांवरून आता कुठलाही शिपाई बस्ता काढून देतो. हेच तर तुम्ही करून दाखवलंत.”

आताही ते एक वाक्य माझ्याजवळ होतं. नोकरी पक्की झाली होती, कुणी मला काढणार नव्हतं. तरी मी ते बोलले नाही. का, याचं कारण मी इतकी वर्षं शोधते आहे आणि दर वेळी एकच सापडतं: प्रशस्तिपत्र माझ्या हातात होतं आणि ते मला आवडलं होतं.

खिडकीशी येऊन मी दफ्तरींना सांगितलं, साहेब नाही म्हणाले.

“मले माहीत होतं,” ते म्हणाले. “समदं कार्डावर आलं, तं माही काय गरज?”

“माहीत होतं तर सांगत काहून राहिले?” माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली. मला त्यांचाच राग आला होता, हे आता आठवलं की स्वतःची शरम वाटते.

ते म्हणाले, “कागद हरवले होते ना, बाई.” आणि फाटकाकडे गेले.

पुढची साडेतीन वर्षं ते फाटकावरच होते. खिडकी मी उघडी ठेवत असे, पण विचारायला काही उरलं नव्हतं. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी चहा, हार वगैरे झालं. मग ते रेकॉर्ड रूमच्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाले, “येऊ का?”

मी त्यांना त्यांच्या स्टुलावर बसवलं. काय करावं सुचेना, म्हणून टेबलावर सोडून ठेवलेला एक बस्ता पुढे सरकवला आणि ड्रॉवरमधून एक पुडी काढली. पुडीत लाल सुताचा तुकडा होता, तीन गाठींचा. टोपलीबाहेर पडलेला मला पुढे कधीतरी रॅकखाली मिळाला होता. “हा तुमच्या पद्धतीनं बांधा,” मी म्हटलं. “या एका बस्त्याला राहू द्या तुमचं सूत.”

त्यांनी सूत बोटांवर घेऊन बघितलं. “हे जंगलाचं, उमरेडचं,” म्हणाले आणि पुडीत परत ठेवलं. मग बस्त्यावरची चिठ्ठी माझ्याकडे वळवून विचारलं, “हे काय लिवलं हाये?”

“महसूल, काटोल,” मी वाचून दाखवलं.

“मंग हे सूत याले नाही चालत,” ते म्हणाले. त्यांनी फडक्याची टोकं ओढून घेतली, पांढरी फीत घातली आणि मी शिकवलेली चपटी गाठ मारली, दोन्ही टोकं एकसारखी. बस्ता क्रमांकाप्रमाणे जागेवर ठेवला, स्टूल भिंतीला सरकवलं आणि ते गेले.