साच्याने चुगली केली

मंडळी, महायुद्धातल्या, समुद्रावर उतरणाऱ्या विमानाचं मॉडेल किट आज पोस्टाने मुरुडला आलं. खोक्यावर लिहिलंय, ‘नवा साचा’, आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची. माझा विश्वास बसेना. गेल्या वर्षी जिवलग मित्राने दिलेलं ‘चाळीस वर्षं जुनं’ किट शेजारी ठेवलं. दोन्हींच्या पोटाखाली एकाच जागी तोच ओरखडा! म्हटलं, जुनाच माल गळ्यात मारला.

साच्यावर फायबरच्या होड्या बनवणाऱ्या दामूकाकांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून दोन्हींच्या कडांवरून अंगठा फिरवला.

“साचा एकच हाय. पण तो झिजला की फटीतून कडेला प्लास्टिकचा पापुद्रा सुटतो. तुझ्या जुन्याला हाय, नव्याला न्हाय.”

म्हणजे ‘जुनं’ किट नव्याच्याही नंतर बनलंय!

आता त्या जुन्या खोक्यावरचे पिवळट डाग मला मुद्दाम लावलेल्या चहाचे वाटायला लागलेत. मित्र उद्या घरी येतोय. तो स्वतः फसला, की त्यानेच मला फसवलं? चहाचा कप हातात देतानाच विचारू का?