मीठ आणायला गेलेल्या माणसाचं गाव

नाशिकहून निघाले तेव्हा दारात मांडव उभा राहत होता आणि भाऊ मंडपवाल्याशी खांबांवरून भांडत होता. भाच्याचं लग्न परवावर आलेलं. अशा वेळी घरातली बाई बाहेरगावी जाते का? पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक कोरी पत्रिका उशाशी धरून ठेवली होती. "भाऊकीची आहे," म्हणायचे.

गंमत म्हणजे आम्हाला भाऊकीच नव्हती. आजोबा, पांडू पाटील, कोवळ्या वयात तळवली सोडून नाशिकला आले आणि मरेपर्यंत गावाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. माझ्या लग्नात भाऊकीचा मान द्यायची वेळ आली तेव्हा शेजारच्या इस्त्रीवाल्यांना उभं केलं. ते मानाचा टॉवेल-टोपी घेऊन गेले आणि पुढे दर दिवाळीला हक्काने फराळाला यायला लागले. अण्णांच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. नातवाच्या लग्नात भाऊकीच्या जागी भाऊकीचंच माणूस हवं, एवढाच त्यांचा हट्ट.

म्हणून मी ठाण्याच्या अभिलेख कक्षात खेटे घातले, आणि एक जुना फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलाची नोंद) हाती लागला. राघो पाटील मयत. वारस पांडू, हिरू, गोमी. पांडूच्या नावापुढे 'परागंदा'. आजोबांना भाऊ होता, बहीण होती, आणि आम्हाला पत्ताच नाही. अण्णा दिवसभर ती दोन नावं पुटपुटत फिरले. नावं मिळाली होती, आता माणसं शोधायची होती.

कसारा घाट उतरून दुपारी घणसोलीला पोहोचले. रिक्षावाल्याला म्हटलं, "तळवली गाव."

"गाव नाय मॅडम, सेक्टर बोला."

"माझे आजोबा इथून गेले तेव्हा सेक्टर नव्हते हो."

"मग तेव्हाच यायचं ना," तो म्हणाला आणि मीटर टाकला.

गाव होतंच, फक्त उभं झालेलं. इमारती इतक्या लगटून, की या खिडकीतून त्या खिडकीत आमटीची वाटी द्यावी. मधूनच एक देऊळ, आणि वाऱ्यावर खाडीचा वास. चहाच्या टपरीवर मी सरळ विचारलं, "हिरू राघो पाटलांचे वारस कुठे राहतात?"

घ्या! टपरीवरची सगळी तोंडं बंद. इथल्या जमिनी नव्या शहरात गेल्या आणि बदल्यात गेलेल्या जागेच्या साडेबारा टक्के भूखंड आले. तेव्हापासून वारसांची चौकशी करणारा माणूस स्वतःच वारस निघतो, हा गावाचा अनुभव. चहावाल्याने माझा अर्धा भरलेला ग्लास उचलून नेला.

पुढच्या चारमजली घरासमोर कानटोपी घातलेला एक साठीचा माणूस उभा होता. एवढ्या उकाड्यात कानटोपी.

"हिरू पाटील? असा कोन इथं ऱ्हातच नवता," तो म्हणाला.

त्याच्या डोक्यावर पाटी होती: 'हिरू राघो पाटील निवास'.

मी पाटीकडे बघितलं, त्यानेही बघितलं. "तो दुसरा," तो म्हणाला.

माझं डोकं सटकलं. "अहो, मी पांडू पाटलांची नात. मला तुमची इंचभर जागा नको. माझ्या बापाला भाऊकी हवीय. ही पत्रिका घ्या नि मोकळं करा मला." पत्रिकेवरचा गणपती बघून तो जरा विरघळला. हिस्सा मागणारा वकील घेऊन येतो, अक्षता घेऊन नाही. हे दामूकाका, हिरूआजोबांचे थोरले चिरंजीव. त्यांनी तारीख वाचली आणि त्यांचा चेहरा पडला.

"परवा? तुमाला कोनी काय सांगितलं तर नाय ना?"

"काय सांगायचंय?"

"काय नाय, काय नाय," म्हणत ते आत पळाले. दार उघडंच होतं, मीही मागोमाग गेले. कोपऱ्यात दिवा तेवत होता. दामूकाका हार घातलेला फोटो भिंतीकडे फिरवत होते. घाईत कानटोपी पडली. डोक्याचा नि मिशीचा तुळतुळीत गोटा. आता मी काय आंधळी आहे?

पलंगावर एक म्हातारी बसली होती. तोंडाचं बोळकं, नजर मात्र पक्की. "फिरव तो फोटो सरल," ती म्हणाली. मग मला, "लगीन झालाय ना तुजा?"

"हो."

"मंग तू परक्या घरची, तुला सुतक नाय. मी गोमी. तुज्या आज्याची भन. आनि हा हिरू, माजा भाव. गेला गेल्या आठवड्यात."

इतकी वर्षं आम्ही घरात बसलो, आणि आठवड्याने चुकलो. रडूच आलं मला, ज्याला कधी पाहिलं नाही त्या माणसासाठी.

पण रडायला सवड कुठे होती? खोलीत पंचायतच बसली. अण्णांच्या कानावर गेलं की अण्णांना सुतक, भावाला सुतक, नवरदेवाला सुतक. लग्न मोडलं. दहाव्यानंतर कळलं तर नुसती आंघोळ. दहावा परवाच, लग्नही परवाच. तेव्हा ठरलं, की नाशिकपुरतं अजून कोणी मेलेलं नाही. मग मला जेवायला वाढलं: तांदळाची भाकरी, वाल. "मासली का नाय ता विचारू नको," दामूकाका म्हणाले.

तेवढ्यात अण्णांचा व्हिडिओ कॉल. दामूकाका माझ्या मागून उडी मारून कपाटामागे. स्क्रीनवर आधी अण्णांचं कपाळ आलं, मग एक डोळा. "कोणी भेटलं का गं?"

मी काही बोलायच्या आत आत्याआजीने फोन ओढला. "पांडूचा पोर का तू? मी तुजी आत्या. कालवनात मीठ नवता म्हनून बयने (आईने) तुज्या बापाला मीठ आनाला धारला (धाडला). मी पानावर बसलेली. अजून मीठ आला नाय."

अण्णांचा डोळा भरून आलेला तेवढा दिसला. मग म्हणाले, "आत्या, काका आहेत?"

दामूकाका कपाटामागे आणखी आत सरकले.

"घरात नाय," आत्याआजी म्हणाली.

"बरं. माझा नमस्कार सांगा त्यांना."

"सांगतंय," ती म्हणाली, आणि फोन माझ्याकडे देऊन पदर तोंडाला लावला.

निघताना ती पिशवी भरून तयार. "माजा सुतक फिटला, लगीन झालेल्या लेकीला तीनच दिस. भाऊकीचा मानूस पायजे ना? मी येतंय." दामूकाका म्हणाले, "आते, परवा दहावा हाय." ती म्हणाली, "हिरू समजून घेल. पांडूच्या घरी मी कदी गेलीच नाय."

रात्रीपर्यंत आम्ही नाशिकला आलो. लग्न झालं. भाऊकीचा मान पुकारला तेव्हा आत्याआजी उठली. टॉवेल-टोपीच आणलेली, साडी आणायचं कोणाला सुचलंच नव्हतं. तिने टोपी घातली आणि ताठ बसली. इस्त्रीवाले जरा हिरमुसले. अण्णा मात्र सगळ्या मांडवाला सांगत सुटले होते, "ही माझी आत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी सून देवदर्शनाला गेल्यावर मी अण्णांजवळ बसले. कसं सांगावं सुचेना. तेच म्हणाले, "आत्या ज्या दामूचं सांगते, तो कपाटामागे पळाला तोच ना? बिनमिशीचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार? मला कोणी सांगितलं का?" ते उठले, पंचा घेतला. "आता सांग."

मी सांगितलं. मोरीच्या दारात ते थांबले.

"आईबाप सोडले तर आजवर मला कोणाचंच सुतक लागलं नव्हतं गं," म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडले. मग डोक्यावरून गार पाणी घेतलं.

बाहेर आले ते कपडे करूनच. "गाडी सांग. तेराव्याला तळवलीत असायचंय." आत्याआजी पिशवी आवरत होती. तिच्याकडे बघून ते मला म्हणाले, "आणि वाण्याकडून मीठ आण. आमच्याकडून राहिलंय."