बंदमास्तर जाईनात

नवीन प्रोग्रॅम चालू झाला की आम्ही टाळ्या पिटायचो आणि बंदमास्तर जांभई द्यायचे. "चालू काय, कुणीही करतं. बंद करून दाखवा," म्हणायचे. डहाणू रोड स्टेशनाजवळ, मिठाईच्या दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. त्यात वयाने आणि अकलेने मोठे ते एकटेच. नाव आम्ही पाठीमागे ठेवलेलं. समोर ते 'सर'.

कुणाचंही काम तपासताना ते आधी शेवट उघडत. "प्रोग्रॅमच्या आत एवढे जण एकाच वेळी कामाला लावलेस," मला एकदा म्हणाले, "छान. आता घरी जा असं त्यांना कोण सांगणार? तुझे वडील?" माझ्या वडिलांचा कॉम्प्युटरशी काडीचा संबंध नव्हता, तरी मी ओशाळले.

त्यांचं गाव तलासरीच्या पुढे, डोंगराकडे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तिथल्याच शाळेत शिकवायच्या. सर इथे भाड्याच्या खोलीत, रविवारपुरते घरी. नोकरी सोडून कायमचं गावी जायचं, वहिनींसोबत राहायचं, भात-नाचणी करायची, हे ठरलेलं होतं. फक्त होत नव्हतं. दिवाळी झाली, होळी झाली. "काकींचं तेवढं मार्गी लागलं की जातो," हे त्यांचं पालुपद.

काकी म्हणजे आमचं गिऱ्हाईक, धाकटी डहाणू गावच्या, मासळीचं कोल्ड स्टोरेज चालवायच्या. तिथल्या थंडाव्याची नोंद आमचा प्रोग्रॅम ठेवायचा. लाईट गेली की यूपीएसच्या जिवावर त्याने निमूट बंद व्हायचं. पण तो मध्येच अडकायचा, यूपीएस मान टाकायचा आणि दिवसाची नोंद पाण्यात. नोंद नाही, तर व्यापारी मासळीला हात लावत नसे. काकी जिना चढून आल्या. "आता परत अडकला ना, तर डबा खाडीत टाकीन. आन मागून तुमाला."

सरांनी शोधलं. मुख्य प्रोग्रॅमने अहवालासाठी एक पोरगा प्रोग्रॅम जन्माला घातला होता. बंद होताना बाप म्हणे, तू आटप, मग मी. पोरगा म्हणे, आधी माझं शेवटचं ऐकून घ्या, मग आटपतो. ऐकायला कुणी नाही, दोघे उभेच. सर ठसका लागेपर्यंत हसले. "अरे, ही आपली पंगत! यजमान म्हणतो, पाहुण्यांचं झाल्याशिवाय बसणार नाही. पाहुणा म्हणतो, तुम्ही बसल्याशिवाय घास घेणार नाही. भात गार!" मग त्यांनी बापाला वाट बघता बघता ऐकायला शिकवलं, वाट बघण्याला मर्यादा घातली, त्यानंतरही पोरगा हलला नाही तर सरळ उचलून बाहेर. वर आम्हाला दम: "किल्ली हातात धरून कुणाची वाट बघायची नाही. ज्याची वाट बघताय, त्यालाच ती हवी असली तर?"

काकींचं मार्गी लागलं. सर तरी जाईनात. "पोरं अजून कच्ची आहेत," म्हणायचे. आम्ही कच्चेच राहणार होतो, कारण काही अडलं की सर होतेच.

एका मंगळवारी वहिनी रजा टाकून थेट ऑफिसात आल्या. "हे म्हणतात, पोरं शिकली की येतो. तुम्ही कधी शिकणार?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर गेले की."

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "जगाचं अडकलेलं सोडवता ना? मग हे कोण सोडवणार?" बंदमास्तरांनी तिथेच राजीनामा टाइप केला. महिनाअखेरीला ते गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन त्यांची खुर्ची पटकावली.

पावसाळ्यात काकींनी नवीन मशीन जोडलं आणि प्रोग्रॅम पुन्हा अडकला. मी फोन लावला. वहिनींनी घेतला. "लावणी चाललीय, ते शेतावर आहेत. संध्याकाळी सांगते. तोवर तुम्हीच बघा." समोर काकी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आम्ही बघितलं. नव्या मशीनचं बोलणं कुणी ऐकतच नव्हतं. ते ऐकायला लावलं, आणि सगळं शहाण्यासारखं बंद झालं. काकींनी खूश होऊन पापलेटं दिली.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "काय अडकलंय?"

"सुटलं, सर."

"कुणी सोडवलं?"

"आम्हीच."

"बरं झालं," ते म्हणाले. मग जरा हळू, पुन्हा एकदा, "बरं झालं."

सगळं नीट चाललं होतं, तरी मी म्हटलं, "सर, पण तुम्ही एकदा नजर टाकाल का?"

"पाठव, पाठव," ते घाईघाईने म्हणाले. "आत्ताच पाठव."