खांबावरची ताई

चाकणजवळ उड्डाणपुलाचं काम चालू होतं तेव्हा मी तिथे सेफ्टी सुपरवायझर होते. पिंपरीहून रोज सकाळी स्कूटरवर जायचे, कंटेनरच्या ऑफिसात डबा ठेवायचे, पिवळं जाकीट चढवायचे आणि दिवसभर लोकांच्या डोक्यांकडे बघत फिरायचे. हेल्मेट आहे का, असेल तर पट्टा लावलाय का. आई चेष्टेनं म्हणायची, "सिव्हिलचा डिप्लोमा करून शेवटी लोकांची डोकीच बघतेस." पण मला ते काम आवडायचं. माणसं ओळखीची झाली होती. जेवण झाल्यावर कुणाचं हेल्मेट कुठे राहतं, कोण ते उलटं करून त्यात शेंगदाणे ठेवतं, सगळं मला ठाऊक होतं.

मग कंपनीनं कॅमेरे आणले. हे नुसते चित्र टिपणारे नव्हते. उंच खांबावरून ते स्वतःच बघायचे आणि स्वतःच ठरवायचे. हेल्मेट नसलेलं डोकं दिसलं की खांबावरचा स्पीकर बोलायचा. क्रेनच्या टप्प्यात कुणी शिरलं तरी बोलायचा. तसं त्या कामावर बरंच काही आपोआप चालायचं. गर्डर, म्हणजे दोन पिलरच्या मध्ये टाकायची काँक्रीटची लांबलचक तुळई, उचलून बसवणारं यंत्र आपला तोल आपणच तपासायचं, वारा वाढला किंवा खाली कुणी आलं तर जागच्या जागी थांबायचं. त्याचा ऑपरेटर हातातल्या लिव्हरपेक्षा समोरच्या स्क्रीनकडे जास्त बघायचा. त्याचं मला कौतुक वाटायचं. खांबाचं मात्र वाटलं नाही, कारण खांब थेट माझंच काम करायला आला होता.

पण त्याचं कुणी ऐकेना. स्पीकरमधली बाई आधी इंग्रजीत बोलायची, मग बातम्या सांगितल्यासारखी हिंदीत. "कृपया ध्यान दें, सुरक्षा उपकरण अनिवार्य हैं." आमच्याकडे लातूर-नांदेडकडचे सळई बांधणारे होते, झारखंडचे वेल्डर होते, आणि कामाच्या मधून रोज ये-जा करणारे गावातले लोक होते. सुरुवातीला सगळे मान वर करून बघायचे. नंतर नंतर ती बाई म्हणजे रस्त्यावरच्या हॉर्नसारखी झाली. वाजतेय, वाजू दे.

गावातल्यांत एक आबा होते. जुनं घराणं, थोडी जमीन रस्त्यात गेलेली, मुलांनी भाड्याच्या खोल्या बांधलेल्या, दारात गाडी. तरी आबांनी म्हशी सोडल्या नव्हत्या. रोज सकाळी ते म्हशी घेऊन आमच्या कामाच्या मधून सरळ पलीकडे जायचे. त्यांच्यासाठी आम्ही बाजूनं पत्रे लावून वाट काढून दिली होती, पण ती जरा वळसा घालून होती. एकदा खांबावरची बाई बोलत असताना मी त्यांना अडवलं.

"आबा, ती काय सांगतेय ऐकलंत का?"

"व्हय, बोलतीया कायतरी. पण मला न्हाई बोलत ती. सायबांच्या भाषेत सायबांना बोलतीया."

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर मागेच उभे होते. माणूस मोजकं बोलणारा. ऑफिसात आल्यावर म्हणाले, "मराठीत करून घ्या. तुमच्याच आवाजात. तुमचं तरी लोक ऐकतात."

रेकॉर्डिंग मी घरीच केलं, मोबाइलवर. आमच्या गल्लीत एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला ग्राइंडिंगचं छोटं वर्कशॉप. आवाज येऊ नये म्हणून पलंगावर बसून डोक्यावरून गोधडी घेतली आणि कागदावर लिहून आणलेलं वाचलं. "सर्व कामगारांनी सुरक्षा हेल्मेट परिधान करणे बंधनकारक आहे."

गोधडीच्या बाहेरून आईचा आवाज आला. "परिधान? आपल्या घरात कुणी कधी काही परिधान केलंय का गं?"

मी डोकं बाहेर काढलं. "मग काय म्हणू?"

"एरवी काय म्हणतेस त्यांना?"

"म्हणते, भाऊ, हेल्मेट कुठाय?"

"मग तेच म्हण की. आणि ओरडू नकोस."

आई दर रविवारी आमच्या विहारात वंदना घ्यायची, त्यामुळे या बाबतीत तिला अधिकार होता. ती म्हणाली, "मी ओरडले तर मागची पोरं जास्त दंगा करतात. हळू बोललं की माणूस थांबतो. काय म्हणाली ते ऐकायला तरी थांबतो."

मी कागद बाजूला ठेवला. पुन्हा गोधडीत शिरले आणि सळई बांधणारे समोर उभे आहेत असं समजून म्हणाले, "भाऊ, थांबा जरा. हेल्मेट कुठाय?" आणि आबांना डोळ्यासमोर आणून दुसरं वाक्य म्हणाले, "तिकडून नको. पलीकडून या, वाट आहे." घामानं भिजून बाहेर आले तेव्हा आई म्हणाली, "आता कसं आपल्या माणसासारखं वाटलं."

तो आवाज खांबावर चढला त्या सकाळी मी ऑफिसात चहा पीत होते आणि बाहेर मीच बोलत होते. फार विचित्र वाटलं. थोड्या वेळानं सळईवाल्यांचा मुकादम दारात आला. एक हात डोक्यावरच्या हेल्मेटवर होता, जणू ते आत्ताच घातलं होतं.

"ताई, तुमी हितं? मंग तिकडं कोण बोललं?"

मी खांबाकडे बोट दाखवलं. त्यानं एकदा खांबाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "म्हणजे आता दोन-दोन झाल्या तुमी," म्हणाला, आणि ही बातमी सांगायला लगबगीनं गेला.

कॅमेऱ्याला डोकं कळायचं, पण ते कुणाचं हे कळायचं नाही. त्यामुळे तो सगळ्यांनाच भाऊ म्हणायचा. पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांना म्हणाला. झाडांना पाणी घालणाऱ्या मावशींना म्हणाला. एकदा गावातल्या बायका नैवेद्य घेऊन देवळाकडे निघाल्या होत्या, त्यांनाही तेच, आणि पाठोपाठ 'तिकडून नको'. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई खांबाखाली थांबली आणि वर बघून म्हणाली, "भाऊ असते तर तुझं ऐकलं असतं का मी?" आणि पत्र्यांच्या वाटेनं वळून गेली. मी मागे उभी राहून हसत होते. पण ती वळून गेली हे महत्त्वाचं होतं. हळूहळू सगळेच वळायला लागले. "पलीकडनं चला, खांबावरची ताई बघतीया," असं लोक एकमेकांना सांगायचे.

आबाही वळायला लागले, पण नुसते वळायचे नाहीत, आधी उत्तर द्यायचे. "हाय, हाय, दिसली मला वाट. म्हस म्हातारी हाय, दमानं येतीया." कधी दुधाचं काय झालं ते सांगायचे, कधी सुनेची तक्रार. म्हशी तोवर उभ्या.

एक दिवस ते झाकण लावलेला डबा घेऊन ऑफिसात आले. आत खरवस होता. मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर डबा ठेवून म्हणाले, "त्या पोरीला द्या. दिसभर उन्हात वर बसलेली असती. खाली उतरताना कधी दिसली न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे हात केला.

आबांनी मला नीट बघून घेतलं. "ही तर हेल्मेट बघत फिरती ती."

मी म्हणाले, "भाऊ, थांबा जरा. हेल्मेट कुठाय?"

आबा मागच्या खुर्चीत बसलेच. मी त्यांना मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकवलं, कॅमेरा काय बघतो ते सांगितलं, बाहेर नेऊन दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी ती मला वळखत न्हाई?"

"नाही आबा. तिला फक्त डोकं दिसतं."

"डोकं दिसतं हे बी लई झालं. आमच्या घरात कुणाला माझं डोकं दिसत न्हाई."

खरवस आम्ही सगळ्यांनी खाल्ला. मला वाटलं, आता आबांचं खांबाशी बोलणं बंद होईल. दुसऱ्या दिवशी बघते तर खांबाखाली उभे, बोलणं चालूच. मी विचारलं तर म्हणाले, "तुला सांगितलं तर तू ध्येनात ठेवशील. हिला वाटंल ते सांगता येतं."

उन्हाळ्यात त्यांच्या पुतण्याच्या मुलाचं लग्न निघालं. कार्यालय पुलाच्या पलीकडे होतं. वरात बाजाराच्या रस्त्यानं जायची ठरली होती, म्हणून त्या दिवशी आम्ही गावाच्या वाटेवर गर्डर बसवायला घेतला, वाट बंद केली आणि झेंडा घेऊन एक माणूस उभा केला. पण कांद्याचा हंगाम होता. बाजाराच्या रस्त्याला ट्रक एकामागे एक अडकून पडले होते. वरात मागे फिरली आणि थेट आमच्याकडे आली. बँड, घोड्यावर नवरदेव, पुढे नाचणारी पोरं, मागे फेट्यांची रांग.

हेल्मेट नसलेली एवढी डोकी कॅमेऱ्यानं कधी बघितली नव्हती. खांब बोलायला लागला तो थांबेचना. "भाऊ, थांबा जरा. हेल्मेट कुठाय?" वाक्य संपायच्या आत पुन्हा तेच. पोरांना वाटलं, गंमत आहे. ढोलवाल्यानं त्यावर ठेका धरला आणि सगळे 'भाऊ, थांबा जरा'वर नाचत पुढे यायला लागले. झेंडेवाला बिचारा हात पसरून मागे मागे सरकत होता.

तेवढ्यात वर हवेत असलेला गर्डर थांबला. वॉकीटॉकीवर ऑपरेटरचा आवाज आला. "मॅडम, मशीननं स्वतःच ब्रेक लावलाय. खाली माणसं दिसतायत तिला. माणसं मागे गेल्याशिवाय मी काही केलं तरी मशीन हलणार नाही."

आता झाली पंचाईत. गर्डर बसल्याशिवाय वाट उघडणार नाही आणि वरात मागे सरल्याशिवाय गर्डर बसणार नाही. मी धावत गेले. बँडपुढे माझा आवाज कुणाला ऐकू जाणार. मी नाचणाऱ्या पोरांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले, हात वर केला आणि ओरडले नाही. नेहमीसारखं म्हणाले, "भाऊ, थांबा जरा."

नेमकं त्याच वेळी खांबही तेच म्हणाला.

पुढची दोन-चार पोरं थबकली. त्यांनी खांबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्यामागून गुलाबी फेट्यातले आबा पुढे आले आणि हात वर करून म्हणाले, "थांबा रे समदी. ताई खाली आल्यात."

बँड बंद पडला. मी वर लटकलेला गर्डर दाखवला. तोवर त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मग कुणाला सांगावं लागलं नाही. घोडा वळवला, बायकापोरं आधी मागे गेली, आणि अख्खी वरात टायरच्या दुकानाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. नवरदेवाचे मामा घड्याळ बघत म्हणाले, "मुहूर्ताचं काय?"

"जरा दम धरा, पावणं," आबा म्हणाले. "नवरदेवाशिवाय लागतंय का लग्न?"

यंत्र पुन्हा हललं. एवढा अजस्र गर्डर इंचाइंचानं सरकत होता, थांबत होता, तोल बघत होता, परत सरकत होता. वरातीत मोबाइल वर झाले होते. नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून, रिकिबीत उभा राहून बघत होता. गर्डर पिलरवर टेकला, ऑपरेटरनं हिरवा दिवा लावला, आणि कुणी न सांगता बँड सुरू झाला.

मॅनेजरसाहेब नियमाचे पक्के. वाट उघडताना त्यांनी नवरदेवासाठी हेल्मेट आणलं. फेट्यावर ते बसेना. शेवटी त्यानं मांडीवर धरलं. खांबाखालून जाताना खांब म्हणाला, "भाऊ, थांबा जरा. हेल्मेट कुठाय?" तसं नवरदेवानं दोन्ही हातांनी हेल्मेट वर उचलून कॅमेऱ्याला दाखवलं. घोडासुद्धा दचकावा एवढ्या मोठ्यानं माणसं हसली.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर आम्हाला जेवायला बोलावणं होतंच. साहेब, ऑपरेटर आणि मी तसेच धुळीच्या कपड्यांत गेलो. आबा मला पंगतीपंगतीतून फिरवून ओळख करून देत होते. नवरीनंही मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "ताई, एकदा म्हणून दाखवा ना."

मी म्हणाले, "वहिनी, थांबा जरा. जेवलात का?"

ती नथ सावरत हसली. "कुठलं जेवण. सकाळपासून फोटोच चाललेत." मग मी तिच्यासाठी जिलेबीची प्लेट मागवली आणि फोटोग्राफरला थांबवलं.

पुढच्या आठवड्यात झारखंडचे वेल्डर ऑफिसात आले. त्यांच्यातला एक म्हणाला, "मॅडम, सबका आवाज हो गया. हमारा भी चढा दीजिए." मॅनेजरसाहेब लगेच हो म्हणाले. त्यांच्यातल्या सगळ्यात लाजाळू माणसाला वेल्डरांनीच पुढे ढकललं. मी दार लावलं, पंखा बंद केला, मोबाइल त्याच्यापुढे धरला. तो एवढा हळू बोलायचा की काहीच उमटेना. बाहेर बाकीचे पत्र्याला कान लावून उभे. कितीदा तरी झाल्यावर त्यानं डोळे मिटले आणि आपल्या गावच्या बोलीत एक लांबलचक वाक्य एका दमात म्हणून टाकलं. बाहेर हशा उसळला.

मी विचारलं, "क्या बोला?"

"वही, जो आप बोलते हैं," तो खाली बघत म्हणाला.

ते मी बोलते तेवढंच नव्हतं, एवढं मलाही कळलं. पण खांबावरून ते वाक्य ऐकू आलं की झारखंडची सगळी माणसं आधी हसायची आणि हसता हसता हेल्मेट डोक्यावर चढवायची. त्याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही आणि मीही फार खोदून विचारलं नाही.