जयमालाने सभेत घेतलेलं नाव

जयमाला ‘रंग’ म्हणत नाही, ‘कलर’ म्हणते. आजकाल सगळेच कलर म्हणतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या आलं ते होळीनंतर. बोलता बोलता ती ‘त्या पंचमीला’ म्हणाली. मी विचारलं, कुठल्या पंचमीला? नागपंचमीला? तर तोंडावर हात धरून हसायला लागली.

तिच्या थोरल्या दिरांचं नाव रंगराव. नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, आणि त्या नावाच्या जवळ जाणारा शब्दसुद्धा टाळायचा, अशी त्या घराची रीत. बारावी झालेली, स्कूटर चालवणारी, गावची सरपंच असलेली बाई ही रीत पाळते, म्हणून मी चिडले. तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, ‘‘बाई, त्यात माझं काय जातंय? एक शब्द तर हाय.’’

गाव महाळुंग्याच्या पुढचं. नाव लिहीत नाही, कारण तिला अजून तिथंच राहायचं आहे.

चिंचवडच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर नव्या महिला सरपंचांच्या प्रशिक्षणात मला व्याख्यानाला बोलावतात. बायका आत बसतात आणि नवरे बाहेर मोटारसायकलींवर मोबाइल बघत बसतात. चहाच्या वेळेला एकेक जण डोकावून विचारतो, ‘‘झालं का? सही कुठं करायची?’’ अशाच एका वर्गात मी संसदेच्या रीती सांगत होते. सदस्यानं दुसऱ्या सदस्याशी थेट बोलायचं नाही, जे काही सांगायचं ते अध्यक्षांना उद्देशून. नाव घ्यायचं नाही, ‘सन्माननीय सदस्य’ म्हणायचं. अध्यक्ष आणि बोलणारा सदस्य यांच्या मधून जायचं नाही. अध्यक्ष उभे राहिले की बाकीच्यांनी बसायचं. कुणाला खोटारडा म्हणायचं नाही. फार तर त्याचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही, एवढं म्हणता येतं. बायका जांभया देत होत्या. मधल्या रांगेतून एक जण उठली.

‘‘बाई, हे तर आमच्या घरात हायेच की. थोरल्या माणसांशी आमी थेट बोलत न्हाई, पोराला सांगतो, तुझ्या काकांना म्हणावं ताट वाढलंय. नाव घेत न्हाई. मधून जात न्हाई. ते उभे राहिले तर...’’ ती थांबली. ‘‘न्हाई, ते उभे राहिले तर आमीच उभ्या राहतो.’’

हसू उसळलं. मीही हसले. अशी जयमालाची माझी ओळख झाली.

नंतर ती माझ्याकडे चिंचवडला घरी येऊ लागली. तेव्हा कळलं की तिला सरपंच केलं ते रंगरावांनीच. जागा महिलांसाठी राखीव झाली. रंगरावांची बायको आजारी, आणि यांचा धाकटा भाऊ ज्ञानेश एका कंपनीत शिफ्टला, म्हणजे त्याची बायको जयमाला हाताशी. रंगराव स्वतः सदस्य. सभेत ते तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसत आणि कुणी काही बोलायच्या आत ‘मंजूर, पुढचा विषय घ्या’ म्हणत. ती डोक्यावर पदर घेऊन सह्या करी. सासऱ्यासारख्या माणसापुढं तोंड उघडायचं कसं, हा तिचा प्रश्न होता. मूर्ख प्रश्न नव्हता तो. ज्याच्याशी बोलायचीच सोय नाही, त्याला गप्प बस कसं म्हणणार?

‘‘त्यांच्याशी बोलू नकोस,’’ मी म्हटलं. ‘‘सभेशी बोल. ‘सन्माननीय सदस्यांनी आपली पाळी आल्यावर बोलावं,’ एवढंच म्हण, भिंतीकडे बघत म्हण. नाव घ्यायला नको, डोळ्याला डोळा द्यायला नको.’’

तिनं ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. जाताना जिन्यातही म्हणत गेली.

आणि ते चाललं. पहिल्यांदा सदस्य फिदीफिदी हसले. ‘‘अरे रंगराव, तुमी सन्माननीय कधी झालात?’’ असा टोमणाही कुणी मारला. पण गंमत अशी की रंगरावांना ती पदवी आवडली. घरातल्या सुनेनं चार माणसांत मान दिला, असं त्यांनी धरलं आणि खरंच पाळी येईपर्यंत थांबू लागले. जयमाला मला फोनवर सांगायची, आज अमक्याला बोलू दिलं, आज पाण्याचा विषय पुरता झाला. तिला सभा चालवायला आवडू लागली होती. डोक्यावरचा पदर तसाच होता, आवाज मात्र वाढला होता.

मग शाळेच्या पाणंदीचा विषय आला.

गावची शाळा आणि अंगणवाडी एका कुंपणात आहेत आणि कुंपणाला लागून शेताकडे जाणारी अरुंद वाट आहे, पाणंद. रंगरावांनी पलीकडचं आपलं रान एका गोदामाला भाड्यानं दिलं. आता कंटेनरचे ट्रेलर आत न्यायला ती पाणंद रुंद करून हवी होती. तशी ग्रामसभेची परवानगी घ्यायची होती. ट्रेलर म्हणजे किती लांब गाडी, ते चाकणच्या रस्त्यावर ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. वळताना मागचं धूड कुठं जातंय ते ड्रायव्हरलाही दिसत नाही. जयमालाची स्वतःची मुलगी त्या शाळेत दुसरीत.

‘‘बाई, ह्या वेळी ते पाळीबिळी बघणार न्हाईत,’’ ती म्हणाली. ‘‘सांगूनही सदस्य बसलाच न्हाई तर दिल्लीत काय करतात?’’

मी सांगितलं. लोकसभेत एखादा सदस्य अध्यक्षांना जुमानतच नाही असं झालं, तर शेवटी अध्यक्ष त्याचं नाव घेतात.

‘‘नाव घेतात म्हंजे?’’

‘‘नाव घेतात. एरवी घ्यायचं नसतं ना, म्हणून ते घेणं हीच मोठी गोष्ट. त्यानंतर त्याला निलंबित करण्याचा प्रस्ताव येतो.’’

चहा निवला तरी कपाला हात लावला नाही. मग मी तिला बजावलं, की हा नियम लोकसभेचा, ग्रामसभेत असलं काही नाही. तू फार तर सभा तहकूब कर. तिनं मान हलवली. पण ऐकलं किती, देव जाणे.

त्या ग्रामसभेला मी गेले. शाळेच्याच पटांगणात मांडव होता. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. मला पाहुणी म्हणून बायकांच्या बाजूला खुर्ची दिली. विषय वाचला गेला. रंगराव उठले, गावाचा विकास, रोजगार वगैरे बोलले. ते बसले न बसले तोच सतरंजीवरून गोजाबाई उठली. अंगणवाडीत खिचडी शिजवते ती.

‘‘मला दोन शब्द बोलायचंय. मागल्या म्हयन्यात त्या ट्रॅक्टरनं कुंपण पाडलं, तवा...’’

‘‘तू बस गं! खिचडीचं बघ तुझ्या!’’ रंगराव पुन्हा उभे. अध्यक्षांकडे पाठ, तोंड बायकांकडे.

जयमाला म्हणाली, ‘‘सन्माननीय सदस्यांनी बसावं. गोजाबाईंचं बोलणं चालू हाय.’’

‘‘हिला कोण शिकवून पाठवतंय, ठाऊक हाय मला,’’ रंगराव माझ्याकडे हात करून म्हणाले.

‘‘सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं.’’

‘‘हात वर करा रे, ज्यांना मंजूर त्यांनी! कशाला टाइमपास?’’

पुरुषांचे हात वर जायला लागले. काही बायकांचेही. मी जयमालाकडे पाहिलं. ती उभी राहिली होती, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून.

‘‘रंगराव,’’ ती म्हणाली. ‘‘रंगराव, खाली बसा.’’

माझ्या शेजारच्या म्हातारीनं चटकन पदर तोंडाला लावला. वर गेलेले हात खाली आले, कारण हात वर आहेत हेच लोक विसरले. ज्ञानेश मागं उभा होता. तो मान खाली घालून आपल्या चपलेकडे बघू लागला. आणि रंगराव बसले.

गोजाबाई बोलली. नीट, पुरतं बोलली. मतं घेतली तेव्हा पाणंदीचा ठराव पडला.

मला वाटलं, आता गावात पाणंदीची चर्चा होईल. किती वेडी मी! पाणंदीचं कुणी नावच काढलं नाही. चर्चा एकच, तिनं नाव घेतलं. सासू सुभद्राबाई तिच्याशी बोलेनाशा झाल्या. रंगराव तिच्या हातचं जेवेनासे झाले. त्यांना चुलत पुतण्याच्या घरून डबा येऊ लागला. ठरावाच्या विरुद्ध मत दिलेल्या बायकासुद्धा पाण्यावर भेटल्या की म्हणत, ‘‘ठराव पाडलास ते बरं केलंस जयमाला, पण नाव घ्याया नको हुतं.’’ ज्ञानेश माझ्याकडे आला. भला माणूस, पण भित्रा.

‘‘बाई, तुमी सांगितलं तर ऐकेल ती. पुढच्या सभेत एवढंच म्हणू दे, नाव चुकून तोंडातून गेलं. संसदेत पण शब्द मागं घेतात ना? दादा म्हणतात, मग विषय मिटला. नाहीतर अविश्वास ठराव आणणार.’’

‘‘शब्द मागं घेतात तो शिवी असली तर,’’ मी म्हटलं. ‘‘तुझ्या भावाचं नाव शिवी आहे का?’’

त्याला राग आला. मला त्याची कीव आली, पण मी काही गोड बोलले नाही.

पुढच्या सभेला मी मुद्दाम गेले नाही, मला बघून रंगरावांना निमित्त मिळालं असतं. झालं ते गोजाबाईनं फोनवर सांगितलं. जयमाला उभी राहिली. म्हणाली, ‘‘नाव चुकून गेलेलं न्हाई. मी ते जाणून घेतलं. मला पोरांची भीती होती आणि दुसरा इलाज नव्हता. घरात मी आजही नाव घेत न्हाई, घेणार न्हाई. पण इथं ते सदस्य आहेत आणि मी अध्यक्ष. मागं काही घेत न्हाई.’’

सदस्यांनी अविश्वास ठराव आणला. मग गावाचं गुप्त मतदान. ती हरली. कारणात लिहिलं होतं, कामकाज समाधानकारक नाही. नावाबद्दल कागदावर एक अक्षर नव्हतं, आणि मला त्याचीच सगळ्यात चीड आली. निदान लिहायची तरी हिंमत करायची.

नवी सरपंच बसल्यावर पाणंदीचा ठराव पुन्हा आला आणि मंजूर झाला. ह्या दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेले. पाणंद आता डांबरी आहे. ट्रेलर वळताना शाळेची भिंत हादरते, हे मी उभी राहून पाहिलं. गाडी भिंतीला घासू नये म्हणून कोपऱ्यावर रोवलेल्या दोन मोठ्या दगडांनी काही होईल असं मला वाटत नाही.

जयमालाच्या घरात मात्र सगळं शांत होतं. सासूनं स्वतः मला लाडू आणून दिला. रंगराव आतल्या खोलीत जेवत होते. जयमाला वाढायला जाऊन आली.

‘‘पुन्हा जेवायला लागले,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘पाणंदीचा ठराव झाला त्या दिवसापासून.’’

मी म्हटलं, ‘‘तेव्हा तू ते वाक्य म्हटलं असतंस, चुकून गेलं म्हणून, तर खुर्ची राहिली असती तुझी.’’

‘‘खुर्ची राहिली असती, बाई. पण मग पुढच्या खेपेला ते उभे राहिल्यावर मी काय म्हणून बसवलं असतं त्यांना? ते उभे, आणि मी खुर्चीवर सह्या करत. रस्ता तर झालाच असता ना?’’

‘‘झाला असता,’’ मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग?

‘‘सहा-सात म्हयने तरी अडला. तेवढे दिवस पोरं धडपणी गेली-आली.’’

तिनं घड्याळाकडे पाहिलं. शाळा सुटायची वेळ झाली होती. पूर्वी मुलगी मैत्रिणींबरोबर एकटी येई. आता जयमाला आणायला जाते, आणि गल्लीतल्या आणखी चार पोरांनाही. पायात चपला सरकवून, लाडूचं ताट तसंच माझ्या मांडीवर ठेवून, ती निघाली.