माळ्यावरचा मोबाईल

आज कपाट आवरताना जुना लाल टेलिफोन सापडला. रिसीव्हरला अजून सुक्या बोंबलाचा वास होता, आणि मी थेट दिवाळे गावातल्या त्या सकाळी पोचले.

आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त माळ्याच्या खिडकीत मिळायची. म्हणून दादाने मोबाईल तिथेच ठेवला, त्याला मोबाईलचा कॉल साध्या फोनवर आणणारी एक डबी जोडली आणि तिची वायर खालच्या दोन्ही जुन्या टेलिफोनना दिली. आई म्हणाली, "लाइन कवाच कापलीय, आता वाजंल कसा?"

बाबांची होडी आदल्या दिवशीच यायला हवी होती. आई अंगणात बोंबील वाळत घालत होती, आणि एकदम दोन्ही खोल्यांतले फोन खणखणले. ती तशाच हातांनी धावली. आतला रिसीव्हर मी आणि दादाने मिळून कानाला लावला.

"खाडीत शिरलाव," बाबा म्हणाले. "भात टाका."

"कालपासून तुमच्या वाटनीचा टाकतंय," आई म्हणाली.

कापलेला फोन वाजला म्हणून मी घरभर नाचत सुटले होते. त्या वाक्यात आईचा आवाज कापत होता, ते मला आज ऐकू आलं.